लोकरीला विटाळ नाही

हॉस्टेल, लंका, वाराणसी
११ डिसेंबर २०२२

ती. विद्युल्लता आत्यास,

साष्टांग नमस्कार. पत्र कोणाचं हे बघायला तुम्ही आधी शेवटचं पान उलटाल, म्हणून इथेच सांगून टाकते. मी मालविका. तुमच्या धाकट्या भावाची, ढुंढिराजची मुलगी. आपण कधी भेटलेलो नाही. आपल्या घरात तुमचं नाव कोणी घेत नाही. बाबा नुसतं "त्या वेळी जे झालं ते" एवढंच म्हणतात. मला लहानपणी वाटायचं, कोणत्या तरी वर्षी गंगेला मोठा पूर आला असणार. मोठी झाल्यावर कळलं, पूरबीर काही नाही, आत्या मिरजेला जाऊन नर्स झाली.

पत्ता आईनं दिला. ती दर संक्रांतीला तुम्हाला तिळगूळ पाठवते ना, तो पत्ता. हे बाबांना माहीत नाही, आणि मी पत्र लिहिते आहे हे तर अजिबात माहीत नाही.

तर बातमी अशी की मीही नर्सिंगला लागले आहे. तीन वर्षांचा कोर्स, पहिलं वर्ष. रामघाटावरच्या आपल्या घरापासून हॉस्टेल म्हणजे ऑटोनं आणि मग गल्ल्यांतून पायी, फार तर तासभर. पण बाबांचा चेहरा बघितलात तर वाटेल मी समुद्र ओलांडला. त्यांनी हो म्हटलं ते असं: "प्रवेश परीक्षा पास हो, मग बघू." त्यांना खात्री होती मी होणार नाही. झाले! मग दुसरी अट आली: "एकदा जरी नापास झालीस, तर त्याच दिवशी सामान उचलून घरी यायचं. मग मी सांगेन त्या घरी लग्न." वेदपाठशाळेत शिकवणारा माणूस, तोंडातून शब्द निघाला की निघाला. आईनं माझ्याकडे बघितलं, मी हो म्हटलं. काय करणार?

रविवारी घरी गेले की मला उंबऱ्याबाहेर उभं करतात. "दवाखान्यातून आलीस, कुठे शिवू नकोस." आधी चौकातल्या नळाखाली अंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, मग घरात. डिसेंबरातल्या त्या पाण्यानं माझी दातखीळ बसते आणि बाबा आतून विचारतात, "केसांवरून घेतलंस ना?"

इकडची हालत म्हणाल तर दिवसभर चादरी. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा यावर आमच्या ट्युटर मॅडम आठवडाभर बोलल्या. परवा वॉर्डात एका आजींना पलंगावरच अंग पुसून द्यायचं होतं. त्यांनी कोणाची मुलगी म्हणून विचारलं, "केकर बिटिया हऊ?" म्हटलं, रामघाटवाले वैदिकजी की. त्या म्हणाल्या, "तब त आराम से करा, कौन जल्दी बा!" आणि पाठ, पाय, बोटं, सगळं पुन्हा पुन्हा चोळून घेतलं. मॅडमनी माझ्या नावापुढे लिहिलं, 'काम हळू'.

रोज रात्री माझी रूममेट रुची आणि मी ठरवतो की उद्या सोडून द्यायचं. म्हणून तुम्हाला एकच विचारायचं आहे. या शिक्षणातला सगळ्यात कठीण टप्पा कोणता? हाच असेल तर मी दातओठ खाऊन काढते. याहून वाईट काही पुढे असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे नापास व्हायच्या आधी मी आपण होऊन घरी जाईन, निदान तोरा तरी राहील.

तुमची (तुम्ही म्हणाल तर),
मालविका

२९ जानेवारी २०२३

आत्या,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. मी एवढी पानं भरून लिहिली आणि तू एक शब्द लिहिलास: "पुढचा."

हे काय उत्तर झालं? मी ते रुचीला दाखवलं. ती म्हणाली, तुम्हारी बुआ तो एकदम मेट्रन हैं. खाली तीन सूचना: फोन करू नये, ऐकू येत नाही. पत्रात प्रश्न आधी लिहावा, रडणं नंतर. आणि आत्याला कोणी तुम्ही म्हणतं का? बरं बाई, तू तर तू.

रडणं आज नाही. आज बढाई आहे, ती मुकाट्यानं वाच.

परवा आम्हाला निर्जंतुक हातमोजे घालायला शिकवले. तुला ठाऊकच आहे, पण मला सांगायचं आहे म्हणून सांगते. एकदा ते मोजे चढले की कशाला म्हणून हात लावायचा नाही. हात छातीसमोर धरायचे, कमरेखाली सोडायचे नाहीत, कोणाला पाठ घासू द्यायची नाही. आमच्या वर्गाची नुसती दाणादाण उडाली. कोणी नाक खाजवलं, कोणी पडता चष्मा सावरला, रुचीनं तर मोजे घालून केसांची क्लिप नीट केली. माझी पाळी आली. मी मोजे घातले, हात वर धरले, दार कोपरानं ढकललं, गर्दीतून अंग चोरून ट्रेपर्यंत गेले आणि मध्ये आलेल्या मॅडमना म्हणाले, "दूर! शिवू नका!"

मराठीत म्हणाले गं! तोंडातून निघूनच गेलं. मॅडमना शब्द कळले नाहीत, पण त्या बाजूला झाल्या. मग विचारलं, "यह कहाँ से सीखा?" मी म्हटलं, "रसोई से."

खरं तेच आहे. आई सोवळ्यात स्वयंपाक करते तेव्हा अशीच वावरते. मी चार वर्षांची असल्यापासून पाहते आहे, कोणी कशाला शिवलं की काय बाटतं आणि काय बाटत नाही. या पोरी जे आठवडाभर घोकतायत ते माझ्या हाडात आहे. आता वर्गात मला पंडिताइन म्हणतात. मी वरवर चिडते.

आणि हो, मेसच्या भाजीत कांदा-लसूण असतो आणि मी ती खाते. हे बाबांना कळवायची गरज नाही, तुला सांगून मोकळी झाले.

मालविका

८ ऑक्टोबर २०२३

आत्या,

प्रश्न आधी: दुसरं वर्ष हाच कठीण टप्पा ना? आता तरी हो म्हण.

पहिलं वर्ष पास झाले. निकाल लागला त्या दिवशी बाबा म्हणाले, "ठीक." एवढंच, पण आईनं शिरा केला आणि बाबांनी दोनदा मागून घेतला. आता वॉर्डात खरी ड्यूटी सुरू झाली आहे. पेशंटचे नातेवाईक आम्हाला सिस्टर म्हणतात आणि मग स्वतःच सांगतात सलाईन कसं लावायचं. एका काकांनी मला विचारलं, "आप असली वाली हैं कि सीखने वाली?" मी म्हटलं, सीखने वाली. ते म्हणाले, "तो दूसरे पलंग पर सीखिए."

दुसरी भानगड म्हणजे बाबांनी स्थळ हेरून ठेवलं आहे. इंदूरचा सुशांत, बँकेत आहे, फोटोत बरा दिसतो. त्याच्या आईनं आमच्या आईला विचारलं, लग्नानंतर मुलगी हे दवाखान्याचं सोडेल ना? आई म्हणाली, नापास झाली तर विचार करू. मला आईचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. पण आत्या, म्हणजे आता खरंच सगळं त्या एका शब्दावर आलं आहे. मी पास होत गेले तर नर्स, एकदा घसरले की इंदूर.

आणि मला नर्स व्हायचं आहे. पहिल्या वर्षी तुला लिहिलं तेव्हा नक्की माहीत नव्हतं. आता माहीत आहे. का ते विचारू नकोस, सांगायला गेले तर रडणं होईल आणि तू ते नंतर लिहायला सांगतेस.

मालविका

ता. क. उत्तरात पुन्हा "पुढचा" लिहायचं असेल तर पोस्टकार्ड वाया घालवू नकोस.

२१ जानेवारी २०२४

आत्या,

प्रश्न: आता काय करू?

नापास झाले. सहामाही परीक्षा जानेवारीत झाली, थंडीत. तीच नडली, आणि मी पण. कशात नापास? ड्रेसिंगमध्ये! ज्यात सगळा वर्ग माझ्याकडे बघून शिकला त्यात!

ऐक कसं झालं. प्रॅक्टिकलला मला एक म्हातारे बाबूजी पेशंट मिळाले, पोटरीवर जखम. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम पलंगाच्या पायथ्याशी उभ्या. मी हात धुतले, ट्रे मांडला, मोजे चढवले, सगळं अगदी आई नैवेद्याचं पान वाढते तसं. परीक्षक मान डोलावत होत्या, मी बघितलं. तेवढ्यात बाबूजींच्या अंगावरचं ब्लँकेट सरकलं. ते कुडकुडले. मी ब्लँकेट उचललं, त्यांच्या छातीपर्यंत ओढून नीट खोचलं आणि परत जखमेकडे वळले.

मोजे घातलेल्या हातांनी!

परीक्षक ओरडल्या, "यह क्या किया?" आणि आत्या, मी अगदी शांतपणे, जणू त्यांनाच समजावते आहे अशी, म्हणाले, "मैडम, ऊनी है."

"तो?" त्या म्हणाल्या.

त्या "तो" नंतर मला माझं बोलणं ऐकू आलं. आपल्या घरात सोवळ्यात सुती कपड्याला हात लागला की बाटलं, पण लोकरीची धाबळी चालते. आई सोवळ्यातच माझी शाल सारखी करायची. लोकर आणि रेशीम कधी बाटत नाही, हे मला अआइई यायच्या आधीपासून ठाऊक आहे. डोक्यानं जंतूंचा अख्खा धडा पाठ केला होता, पण हातांनी लोकर बघितली आणि त्यांना शंकासुद्धा आली नाही. हे त्या मॅडमना हिंदीत कसं सांगू? त्यांनी ट्रे बाजूला करायला लावला. झालं.

हॉस्टेलात आता कोणाच्या हातून काही सांडलं, कोणी उशिरा आलं, तरी सगळ्या एका सुरात म्हणतात, "मैडम, ऊनी है!" रुची हसता हसता खाटेवरून पडली. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन इतकी रडले की डोळे सुजले.

फेरपरीक्षा मे महिन्यात आहे. घरी अजून सांगितलेलं नाही. बाबांना वाटतं निकाल लागायचा आहे. इंदूरची मंडळी फाल्गुनात येणार आहेत. मेपर्यंत गप्प राहून पास झाले तर कोणाला कळणारही नाही, नाही का? तू सांगशील तसं करते. आता मात्र एका शब्दात भागवू नकोस गं.

मालविका

४ फेब्रुवारी २०२४

आत्या,

पत्र मिळालं. दोन पूर्ण पानं! मी हॉस्टेलच्या जिन्यातच बसून वाचलं आणि मोठ्यानं किंचाळले, वॉर्डन धावत आली.

तुझं पण तेच? मिरजेला, परीक्षेत, धाबळी? म्हणजे तू पण हातमोजे घालून पेशंटची धाबळी सारखी केलीस आणि तुझ्या त्या परदेशी सिस्टरनं तुला बाहेर काढलं? आणि तेव्हा तुला वाटलं की जगात एवढी मूर्ख मुलगी दुसरी जन्माला येणार नाही? आली बघ. तुझ्याच घरात.

तू लिहिलंस, "मी नापास झाल्याचं घरी पत्रानं कळवलं, ती चूक झाली. पत्राला तोंड नसतं. तुझ्या आजोबांचं उत्तर आलं, परत ये, आणि मी गेले नाही. तू समोर उभी राहून सांग." मला हे मुळीच आवडलं नाही, पण काल गेले.

उंबऱ्याबाहेर उभी राहिले, अंघोळीच्या आधीच सांगून टाकलं, म्हणजे हाकललं तर निदान थंड पाणी तरी वाचेल. "बाबा, मी नापास झाले." बाबा झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबला. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, हात वर धरून. मी सगळं सांगितलं, बाबूजी, मोजे, ब्लँकेट. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं काय, माहीत आहे?

"ब्लँकेट शुद्ध लोकरीचं होतं की मिश्र?"

मी म्हटलं, "हॉस्पिटलचं लाल ब्लँकेट, लोकरीचंच असावं."

"मग तू कशी काय नापास? लोकरीला विटाळ नाही. ही गोष्ट रामघाटावरचं शेंबडं पोर सांगेल. त्या परीक्षक बाईंना शास्त्राचा गंध नाही आणि त्यांनी माझ्या मुलीला नापास केलं?" आत्या, ते चिडले. माझ्यावर नाही, परीक्षकावर! उठून उभे राहिले, उपरणं घेतलं, म्हणाले, "चल, मी येतो तुझ्या कॉलेजात. वचनं दाखवतो." आईनं कशीबशी समजूत घातली. शेवटी त्यांनी निकाल दिला: "तू नापास झालीस असं मी मानत नाही. अट मोडलेली नाही."

मी वाचले! हसावं की रडावं कळेना, पण वाचले. तेही शास्त्राच्या आधारानं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? मी चुकले होते हे मला माहीत आहे. पण बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूनं भांडत होते, आणि मला ते इतकं छान वाटलं की तोंड उघडवेना. मनाला लागून राहिलं आहे.

बाकी घरी सगळं ठीक. बाबा जरा लंगडतात. नावेतून उतरताना अंगठ्याला काही लागलं होतं, त्याला महिना होऊन गेला. जुन्या धाबळीची पट्टी बांधून रोज राजाघाटापर्यंत जातात, अनवाणीच. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, दुखतसुद्धा नाही.

तुझी भाची आणि तुझ्याइतकीच मूर्ख,
मालविका

१४ फेब्रुवारी २०२४

आत्या,

तू आईला फोन केलास. जिला ऐकू येत नाही ती आत्या! आई सांगत होती, तू हॅलो म्हणाली नाहीस, कोण बोलतंय विचारलं नाहीस, नुसतं म्हणालीस, "अन्नपूर्णा, त्याचा पाय उघडून बघा. आजच. दुखत नाही म्हणतो ना, तेच वाईट आहे." आणि ठेवून दिलास. आईनं लगेच मला बोलावलं.

मी ते वाक्य स्वतः लिहिलं होतं गं. दुखत नाही. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात, मधुमेहात पायाची जखम दुखत नाही हा धडा तोंडपाठ, आणि मी ते लिहून पुढच्या ओळीला गेले. घरी पोचेपर्यंत मला तेच डोळ्यांपुढे दिसत होतं.

बाबा पाय दाखवायला तयार नव्हते. "धाबळी बांधली आहे, शुद्ध आहे." तेव्हा मला बोलावंच लागलं. म्हटलं, "बाबा, परीक्षक बरोबर होत्या. मी चुकले होते. लोकरीत जंतू असतात. सुतात असतात तसेच, उलट जास्त. जंतूंना आपलं शास्त्र माहीत नाही."

ते म्हणाले, "म्हणजे तू नापास झालीस."

"झाले."

"म्हणजे अट मोडली."

"मोडली. लग्न करा, इंदूरला पाठवा, काय करायचं ते करा. पण आधी पाय दाखवा!" मी ओरडले आत्या, बाबांवर. आयुष्यात कधी ओरडले नव्हते. आई भिंतीला टेकली.

त्यांनी पाय पुढे केला.

पट्टी चिकटली होती. भिजवून सोडवली. खाली काय होतं ते तुला सांगायला नको. मी खूप घाबरले, पण चेहरा सरळ ठेवला, तेवढं तुम्ही लोकांनी शिकवलं आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. साखर इतकी वाढलेली की डॉक्टरांनी दोनदा तपासली. म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर अंगठा गेला असता, पुढचं काही सांगता येत नव्हतं. आता औषधं, आणि रोज ड्रेसिंग. कंपाउंडरला बाबांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. राहिले मी.

पहिल्या दिवशी ट्रे मांडला, मोजे चढवले आणि म्हटलं, "बाबा, मी आता सोवळ्यात आहे. मला शिवायचं नाही, ट्रेला शिवायचं नाही, होईपर्यंत मधे काही करायचं नाही." आत्या, तू चाळीसएक वर्षं पेशंट बघितलेस, पण असा पेशंट तुझ्या वॉर्डात आला नसेल. बाबांनी धोतराचा सोगा आवरला, उपरणं लांब ठेवलं, हात मांडीवर घेतले आणि मूर्तीसारखे बसले. आई चहा घेऊन जवळ आली तर तेच गरजले, "दूर! ती सोवळ्यात आहे!"

अटीचं काय म्हणून मी विचारलं. म्हणाले, "अट मोडली ती मोडली. पाय बरा होईस्तोवर तू कुठे जायचं नाहीस, नर्सिंग सोडूनसुद्धा नाही. मग बघू." इंदूरला निरोप गेला की वैदिकजींचा पाय दुखावला आहे, फाल्गुनात येऊ नये.

हा होता का तो कठीण टप्पा? स्वतःच्या बापाचा पाय?

मालविका

२ जून २०२४

आत्या,

उत्तरात पुन्हा "पुढचा." माझा राग अनावर झाला, पण तू बरोबर होतीस, कारण पुढचा टप्पा म्हणजे बाबा परीक्षक.

झालं असं की पाय सुकत आला तसे बाबा रिकामे झाले. पाठशाळेत जायचं नाही, घाटावर जायचं नाही. एक दिवस म्हणाले, "मे महिन्यात तुझी ती फेरपरीक्षा आहे ना? मग तयारी कोण घेतं?" आणि रोजच्या ड्रेसिंगला त्यांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांचं स्वरात एक अक्षर चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावणारा माणूस, तू विचार कर! एकदा माझं कोपर ट्रेच्या कडेला लागलं की नाही याची मलाच शंका होती, यांनी बघितलं. "लागलं. पुन्हा." अख्खा ट्रे पुन्हा मांडायला लावला.

शेवटच्या आठवड्यात तर कमाल केली. मी मोजे घालून वाकले आहे, आणि बाबांनी खांद्यावरची धाबळी हळूच सोडली. ती घसरत जमिनीकडे निघाली. "घे, घे, पडते आहे, शुद्ध लोकर आहे!" माझे हात जागचे हलले नाहीत. धाबळी जमिनीवर पडली. पणजोबांची धाबळी, आत्या. बाबा तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरोबर." त्यांना ते म्हणणं किती जड गेलं ते मला दिसत होतं.

फेरपरीक्षेत तोच पलंग, तेच लाल ब्लँकेट. पेशंटचं सरकलंसुद्धा. मी मदतीला उभ्या असलेल्या रुचीला म्हटलं, "ब्लँकेट, प्लीज." परीक्षक मॅडमनी मला ओळखलं. "आज ऊनी नहीं है?" त्या म्हणाल्या. "है मैडम," मी म्हटलं, "पर आज मैं नहीं छूऊँगी." पास!

घरी येऊन नळाखाली अंघोळ केली, मग बाबांसमोर उभी राहिले. म्हटलं, पाय बरा झाला, आता अट. बाबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "अट नापास होण्याबद्दल होती. नापास झालेली पुन्हा पास झाली तर काय, याबद्दल अटीत काहीच नव्हतं. जे सांगितलेलं नाही ते लादता येत नाही." आई आत जाऊन हसली. मी तिथेच खाली बसले आणि हमसून हमसून रडले, आणि बाबांनी मला उठवलं. हाताला धरून.

मालविका

१६ जानेवारी २०२५

आत्या,

आज प्रश्न शेवटी आहे.

परवा संक्रांतीला आई स्वयंपाकघरात तुझं तिळगुळाचं पार्सल बांधत होती, दार लोटून, दर वर्षीसारखं. मी नुकतीच ड्यूटीवरून आले होते. बाबा पाणी प्यायला म्हणून आत आले. आई पार्सल पदराखाली घ्यायला गेली, डबा खाली पडला, लाडू घरभर. बाबांनी एक उचलला, पार्सलवरचा पत्ता वाचला. मिरज.

मग मीच म्हटलं, "बाबा, तुमचा पाय आत्यानं वाचवला. फोन तिनं केला होता." हे आम्ही इतके महिने लपवलं होतं. आईनं सांगितलं होतं, हॉस्पिटलच्या सिस्टरचा फोन आला. तसं खोटंही नाही.

बाबा पाटावर बसले. हातातला लाडू खाली ठेवून म्हणाले, "मी नऊ वर्षांचा होतो. रोज गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसायचो. ताई येणार म्हणून." मग म्हणाले, "ती परीक्षेत नापास झाली होती, एवढं ठाऊक आहे. तुझ्या आजोबांनी, अण्णांनी, सांगितलं, तिनं सोवळं टाकलं, आता ती आपली नाही. पुन्हा नाव काढायचं नाही."

मी म्हटलं, "बाबा, ती कशात नापास झाली माहीत आहे? मी झाले त्यातच. पेशंटची धाबळी सरकली, तिनं मोजे घातलेल्या हातांनी सारखी केली. लोकरीला विटाळ नाही म्हणून. तिनं सोवळं टाकलं नव्हतं. टाकता आलं नाही म्हणून नापास झाली."

आत्या, बाबा आधी हसले. खरंच हसले, खांदे हलेपर्यंत. मग ते हसणं कधी बदललं ते आम्हाला कळलंच नाही. आई जमिनीवरचे लाडू वेचत राहिली, कारण दुसरं काय करावं तिला सुचेना. मी जवळ गेले, आणि बाबांनी माझा हात धरून ठेवला. मी हॉस्पिटलमधून थेट आले होते आणि अंघोळही केलेली नव्हती, हे त्यांना नंतर आठवलं.

पार्सल त्यांनी पाठवू दिलं नाही. दचकू नकोस, पुढे ऐक. म्हणाले, "पोस्टानं कशाला? तिला म्हणावं, इथे येऊन खा." मग अटी घातल्या, कारण बाबाच ते: आल्यावर आधी चौकातल्या नळाखाली अंघोळ, केसांवरून. आणि येताना धाबळी आणायची नाही, या घरातल्या दोघींना ती मानवत नाही. काल सकाळी ते नवी चप्पल घालून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. आज पुन्हा गेले. आईनं विचारलं तर म्हणाले, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. डॉक्टरांनी एवढं चालायला सांगितलेलं नाही.

माझं शेवटचं वर्ष चालू आहे. कठीण आहे का हे तुला विचारणार नाही, उत्तर पाठ झालं आहे. आज तूच विचारलंस असं समज, आणि तुझ्याच वयाच्या एका हट्टी म्हातारीला मी पोस्टकार्डावर उत्तर देते आहे असं समज. तू मिरजेचं ट्रेनिंग काढलंस, तो परदेशी सिस्टरचा त्रास काढलास, वॉर्ड सांभाळलेस, मेट्रन झालीस, रिटायर झालीस. सगळ्यात कठीण टप्पा कोणता?

पुढचा. स्टेशनवर मी घ्यायला येते. गल्लीच्या तोंडाशी कोण बसलेलं असेल ते तुला सांगायला नको.

तुझीच,
मालविका